कांद्याला कशाला बदनाम करता दाजी

आमच्या पाव्हण्यांच्या ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. २०२१ मध्ये फिरत होता तोच, फक्त आता कोरोनाच्या जोडीला डेंग्यू आणि 'व्हायरल ताप' घुसवलाय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कांद्याच्या सालीवरचा काळा थर म्हणजेच ब्लॅक फंगस, तापातून उठलेल्या माणसाने असा कांदा सोलला की बुरशी दाताच्या मुळातून जबड्यात शिरते, एकाची दुसऱ्याला लागते, उपाय म्हणजे तुरटी हळद सैंधव मीठ मोहरीच्या तेलात कालवून दहा दिवस चोळा, दात हलला तर उपटून टाका म्हणजे बुरशी त्याच्यासोबत निघते, आणि तरी नाही भागलं तर फंगसची गोळी मेडिकलवर मिळतेच. खाली नेहमीचं, दहा जणांना पाठवा.

मी डॉक्टर नाही, चोपडा तालुक्यात मेडिकल चालवतो. पण माझ्या फुईचा, म्हणजे सख्ख्या आत्याचा, वरचा अर्धा जबडा ह्याच आजारात गेला. त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी कांदा. सालीवर जी काळी पावडर असते ती एस्परजिलस नायजर नावाची बुरशी, साठवणीच्या कांद्यावर दमट हवेत हमखास येते. जबडा खाणारा जो आजार त्याचं नाव म्युकरमायकोसिस, तो करणारी बुरशी वेगळ्याच खानदानातली, रायझोपस वगैरे, शिळ्या पावावर कापसासारखी उगवते ना तिच्या घरातली. लॅबमध्ये वाढवली तर आधी पांढरी आणि मग करडी दिसते, म्हणजे सरकीतल्या कापसासारखीच म्हणा ना. मग 'ब्लॅक' कुठून आलं? ही बुरशी रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते, आत गुठळी होते, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि तेवढं मांस मरून काळं पडतं. काळं असतं ते आपलं मेलेलं मांस, बुरशी नव्हे. आता एस्परजिलससुद्धा फार कमजोर माणसाला सायनसचा, म्हणजे नाकाच्या बाजूच्या हाडांतल्या पोकळ्यांचा, त्रास देऊ शकते हे खरं, पण कांदा सोलून कोणाचा जबडा गेला असं काही नाही. बुरशी लागलेला कांदा धुवून, वरचा पापुद्रा काढून वापरा, जास्त सडला असेल तर फेका, एवढंच.

आणि बीजाणू, म्हणजे ह्या बुरशीचं हवेत उडणारं बी, टाळायचेच म्हटलं तर कुठे जाणार आपण? मातीत आहेत, उकिरड्यावर आहेत, केळीच्या बागेत खोडं आणि पानं सडत पडतात तिथे आहेत. आपल्याकडचा प्रत्येक माणूस रोज ते नाकात घेतो आणि काही होत नाही, कारण शरीर तिथल्या तिथे निपटवतं.

मग काहींनाच का होतं, खरा मुद्दा इथे आहे आणि मेसेजमध्ये त्याचा एक शब्द नाही. साखर आणि स्टिरॉइड. डायबेटिस फार वाढून रक्तात आम्ल साठलं की एरवी प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह सुटं होतं, आणि ह्या बुरशीला लोह म्हणजे पक्वान्न. त्यात ज्या पांढऱ्या पेशींनी तिला मारायचं त्या साखरेने आधीच मंद झालेल्या. वरून स्टिरॉइड, ते प्रतिकारशक्तीही दाबतं आणि साखरही चढवतं. भारतात हा आजार कोरोनाच्या आधीपासून बाकी जगापेक्षा कितीतरी जास्त होता, तोही मुख्यतः डायबेटिसमुळे. डेंग्यूनंतर झाल्याच्या तुरळक केसेस आहेत, पण २०२१ च्या मे-जूनमध्ये जी लाट आली, केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितला, ती कोरोना, साखर आणि स्टिरॉइड एकत्र आल्याची होती.

स्टिरॉइड वाईट असं मी म्हणत नाहीये. २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, ह्याने ऑक्सिजनवर असलेल्या पेशंटचे जीव वाचलेले दिसले. ज्यांना ऑक्सिजन लागलाच नाही त्यांना फायदा दिसला नाही. फुईला ऑक्सिजन लागला नव्हता. घरीच होती, स्टिरॉइडच्या पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिलेल्या, खोकला राहिला म्हणून पोराने तीच चिठ्ठी दाखवून आणखी दोनदा नेल्या आणि दिल्या कोणी तर मी. साखर शेवटची कधी तपासली हे मी विचारलं नाही. कांद्याने नाही केलं ते, त्या स्ट्रिपने केलं, आणि ती माझ्या काउंटरवरून गेली.

'दाताच्या मुळातून जबड्यात' हा रस्ता तर बहुतेक वेळा उलटा असतो. बुरशी श्वासातून नाकात, तिथून गालामागच्या सायनसमध्ये, आणि वरच्या दाढांची मुळं नेमकी त्या सायनसच्या तळाला टेकलेली असतात. म्हणून वरचा जबडा जास्त सापडतो, खालचा क्वचित. घरी बरी होऊन महिना झाला तेव्हा फुई म्हणाली, "मना दात हालतस रे भाऊ." एक नाही, शेजारशेजारचे तीन. कीड नाही, दुखणं थोडंच, गाल मात्र एका बाजूने बधिर, नाक चोंदलेलं. आम्हाला वाटलं वय झालं.

आता 'दात उपटा, बुरशी निघते'. फुईची एक दाढ काढली, खड्डा भरलाच नाही, पंधरा दिवसांनी त्यातून हाड दिसायला लागलं आणि टाळूवर काळपट डाग. दात काढून बुरशी निघत नाही, कारण ती दातात नसते, मेलेल्या हाडात असते, आणि ते हाड ऑपरेशन करूनच काढावं लागतं. दात काढायचाच नाही असंही नाही, तो डॉक्टर ठरवेल, पण तापानंतर साखरेच्या पेशंटचे निरोगी दात एकदम हलायला लागले तर आधी टाळू आणि नाक तपासणं, सीटी, आणि तुकडा काढून बुरशीची तपासणी. केओएच म्हणून साधी तपासणी आहे, तुकड्यावर औषध टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात, त्याच दिवशी अंदाज येतो.

तुरटी-हळदीचं काय सांगू. तोंडाला चोळलेली वस्तू हाडाच्या आत, तेही रक्त बंद झालेल्या हाडात, कशी पोचणार? शिरेतून दिलेलं इंजेक्शनसुद्धा तिथे नीट पोचत नाही, म्हणूनच तर आधी मेलेला भाग कापतात. आम्ही हा प्रयोग आठ दिवस केला. फुईला तोंड धुतल्यावर बरं वाटायचं, म्हणून आणखी दोन दिवस. ह्या आजारात दहा दिवस म्हणजे जबड्यावरून डोळ्यापर्यंत जायला पुरेसे असतात, आमचं नशीब म्हणून डोळा वाचला.

लागण होते हे सरळ खोटं. माणसाची माणसाला लागत नाही. तरी आमच्या घरात महिनाभर फुईचं ताट आणि तांब्या वेगळा होता, आणि ते कोणी केलं होतं ते दाजींना माहीत आहे.

राहिली मेडिकलवरची गोळी. गजकर्णाला, तोंडातल्या पांढऱ्या बुरशीला जी फ्लुकोनॅझोल देतात तिचा म्युकरवर उपयोग नाही, व्होरिकोनॅझोलचाही नाही. लागतं ॲम्फोटेरिसिन बी, शिरेतून, बरेच दिवस, लायपोसोमल, म्हणजे चरबीच्या बारीक कणांत भरलेलं, असेल तर किडनीला त्रास कमी, तरी रक्तातल्या क्रिएटिनिनवर (त्यावरून किडनी कळते) आणि पोटॅशियमवर नजर ठेवावीच लागते. त्यानंतर पोसाकोनॅझोलच्या गोळ्या कित्येक महिने. २०२१ च्या मे महिन्यात ह्या इंजेक्शनसाठी मी जळगाव, धुळे, पार नाशिकपर्यंत फोन लावलेत, माझी स्वतःची लाइन असून.

फुई आता टाळूला प्लेट लावते, ऑब्चुरेटर म्हणतात त्याला. ती काढली की पाणी नाकातून येतं आणि बोललेलं कळत नाही. कळण्याची भाकरी दुधात कुस्करून खाते, भरीत चालतं. परवा अंगणात बसून कांदे निवडत होती. मी मेसेज वाचून दाखवला तर म्हणाली, मग मी कधीच मेली असती.

आणि उलट टोकालाही जाऊ नका, तापानंतर दात दुखला म्हणजे बुरशीच असं काही नाही. मागच्या मंगळवारी एक जण हाच मेसेज दाखवून फंगसची गोळी मागायला आला. नुकताच डेंग्यू होऊन गेलेला, साखर आहे. गोळी दिली नाही, टॉर्च लावून तोंड बघितलं, काही कळलं नाही, दातवाल्याकडे पाठवला आणि साखर आजच तपास म्हटलं. साधा किडलेल्या दाढेचा पू निघाला. आता रूट कॅनलचा खर्च माझ्यामुळे लागला म्हणून गावभर सांगत फिरतोय.