कंटेंट तोच आहे, काकू

आमच्या आईच्या गोळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. त्यांना नावंही तिनेच ठेवलेली: बीपीची पांढरी, साखरेची लांबट, गॅसची सकाळची, पायाची. घरात सगळ्यांना ही नावं तोंडपाठ होती, आणि त्यातच आम्ही फसलो.

गणपतीनंतर ती पंधरा दिवस भावाकडे मुलुंडला गेली होती. गोळ्या संपत आल्या म्हणून भावाने तिकडच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी साखरेची गोळी लिहून दिली. मेडिकलवाल्याने देताना सांगितलं, "कंटेंट तोच आहे, काकू, कंपनी फक्त वेगळी." काकूंनी मान हलवली. विक्रोळीला परत आल्यावर तिने डब्यातली लांबट गोळी पुन्हा सुरू केली आणि मुलुंडची गोल गोळीही चालूच ठेवली. का, तर "तिकडच्या डॉक्टरांनी दिलीय, शक्तीची असेल."

चौथ्या दिवशी सकाळी देवापुढे बसली आणि तिला निरांजन लावता येईना. काडी वातीपर्यंत पोचायच्या आधीच विझायची. हात थरथरत होते, पाठ घामाने भिजली होती आणि मला ती मावशीच्या नावाने हाक मारत होती. साखर मोजली तर ४८. सत्तरच्या खाली गेली की कमी धरतात. गिळता येत होतं म्हणून पाण्यात साखर ढवळून पाजली. थोड्या वेळाने मला ओळखायला लागली. मला वाटलं, सुटलो. पण आमचे डॉक्टर फोनवर म्हणाले, आत्ताच्या आत्ता घेऊन या, ग्लिमेपिराइडचा असर बराच वेळ टिकतो, साखर परत उतरू शकते. दोन्ही गोळ्यांत तेच होतं, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. चार दिवस बाई दुप्पट डोस घेत होती. ती रात्र हॉस्पिटलमध्ये गेली.

आधी मी मेडिकलवाल्याच्या नावाने बोटं मोडली. मग लक्षात आलं, तो खरंच बोलला होता. कंटेंट तोच होता, घात झाला तो त्यामुळेच! फक्त "म्हणजे जुनी गोळी आता बंद करायची ना?" हे विचारायला हवं होतं, आणि ते ना आईने विचारलं, ना माझ्या इंजिनियर भावाने. आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं, असं का मानतात मला कळत नाही. बाहेर चाळीस पेशंट बसलेत, आत आपल्याला चार मिनिटं, त्यात कुठे शहाणपणा करायचा, हा संकोच मलाही आहे. पण आता मी विचारते. ही गोळी कशासाठी, किती दिवस, आणि हिच्यामुळे आधीची कुठली बंद करायची.

पुढच्या रविवारी तो डबा टेबलावर ओतला. भिंगातून एकेक पाकीट वाचत बसले. निम्म्या पाकिटांवर एक्स्पायरीच नाही, कारण दहाच्या पाकिटातून सहा गोळ्या कापून घेतलेल्या, तारीख राहिली दुकानातल्या चार गोळ्यांवर. एक अँटिबायोटिक तीन गोळ्या खाऊन सोडलेलं, डाव्या कडेला उभी लाल रेघ. ही रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही असं औषध. त्यातल्या काहींसाठी, म्हणजे शेड्यूल एच-वन मधल्या औषधांसाठी, मार्च २०१४ पासून दुकानदाराने वेगळं रजिस्टर ठेवून पेशंट आणि डॉक्टरांचं नाव लिहायचं असतं. आमच्या गल्लीत मला आजवर कुणी नाव विचारलेलं नाही.

आणि "पायाची" गोळी? ती कुठल्याच डॉक्टरांनी दिलेली नव्हती. शेजारच्या काकूंच्या गुडघ्याला लागू पडली म्हणून त्यांनी मायेने अर्धं पाकीट दिलेलं. डायक्लोफेनॅक. आईची बीपीची पांढरी म्हणजे टेल्मिसार्टन आणि त्यातच लघवी वाढवणारं औषध. या दोघांच्या जोडीला दुखण्याची ही गोळी रोज गेली की किडनीवर ताण येतो, वर बीपी चढतं ते वेगळंच. डॉक्टर बीपीचा डोस वाढवायच्या विचारात होते. त्यांना बिचाऱ्यांना पायाची गोळी माहीतच नव्हती.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे की गोळी रंगावरून ओळखू नका, ब्रँडवरूनही नको. पाकिटावर ते लांबलचक, जीभ अडखळवणारं नाव असतं ना, तेच औषधाचं खरं नाव. डॉक्टरांनी तेच नाव वाचता येईल अशा अक्षरात, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावं, असा मेडिकल कौन्सिलचा नियम २०१६ पासून आहे. आपल्या चिठ्ठ्या काढून बघा आणि हसा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, त्यावर तापाची वेगळी घेतली की तेच दोनदा पोटात जातं. गोळीने त्रास झालासा वाटला तर आधी डॉक्टर, आणि १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल फ्री नंबरवर तशी नोंदही करता येते. मात्र घाबरून बीपीची किंवा साखरेची गोळी परस्पर बंद करू नका. तो आमच्या काकांचा प्रयोग, त्यावर वेगळी पोस्ट होईल.

मी एका कागदावर आईच्या सगळ्या औषधांची खरी नावं, डोस, वेळ मोठ्या अक्षरात लिहिली. एक फ्रिजवर लावली, एक झेरॉक्स तिच्या पर्समध्ये. दिवाळीत ती परत मुलुंडला गेली, खोकला झाला म्हणून त्याच डॉक्टरांकडेही जाऊन आली. घरी आल्यावर पर्स उघडली तर झेरॉक्स घडीसकट जशीच्या तशी.

"दाखवली नाहीस?"

"त्यांनी कुठे मागितली?"