मुलं काढून नेणारी बाई

नॉर्वेतल्या एका बंगाली जोडप्याची दोन मुलं २०१२ साली तिथल्या बालकल्याण खात्याच्या ताब्यातून पश्चिम बंगालमधल्या कुल्टीला काकांकडे आली. तेव्हापासून 'हाताने भरवलं म्हणून मुलं काढून नेतात' हे वाक्य आमच्या दादरच्या घरी मुक्कामालाच आहे. मी बर्मिंगहॅममध्ये कुटुंबांबरोबर काम करणारी सोशल वर्कर. त्यामुळे फोनवर मावशी हमखास विचारते, "तू पण काढतेस का गं?"

मला एकटीला ते करताच येत नाही. इंग्लंडच्या १९८९च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टप्रमाणे कोर्टाचा आदेश लागतो. तातडीचा अधिकार पोलिसांना, तोही फार तर ७२ तासांचा. आणि आपल्याकडे असं काही नाहीच, हेही खरं नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्याने बाल कल्याण समितीला मॅजिस्ट्रेटचे अधिकार दिलेत. पण सुखवस्तू घरांच्या दारात ती मुलं नेणारी बाई कधी जात नाही, म्हणून मावशीला ती परदेशी वाटते.

मावशीचे यजमान दुसऱ्या टोकाला. समाजसेवेला शिकायचं काय, मन असलं की झालं! पण देशातली समाजकार्याची पहिली शाळा १९३६ साली निघाली ती याच मुंबईत, नागपाड्याला.

मुंबईत एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करताना फिल्डवर्कला मी गोवंडीच्या वस्तीत जायचे. दहा बाय दहाच्या खोलीत प्रश्न सुनेला विचारावा तर उत्तर सासू देणार, आणि दारातल्या दोन शेजारणी ते दुरुस्त करणार. आमच्या सुपरवायझर म्हणायच्या, वही पिशवीतच ठेव, पाणी कधी येतं ते विचार. सून हंडा घेऊन निघाली की मी बरोबर जायचे, मग नळावर तिला तोंड फुटायचं. माझ्या हातात कसलीच सत्ता नव्हती. तिला बोलावंसं वाटेल तेवढंच कानावर यायचं.

इथे बर्मिंगहॅममध्ये मुलांची आई दार उघडते तेव्हा घरभर फिनेलसारखा वास असतो. मी येणार म्हणून पहाटेपासून घासलेलं असतं. माझी विद्यार्थिनी विचारते, फ्रिज उघडून बघू का? मी सांगते, आधी परवानगी घे, आणि फ्रिज का बघायचाय तेही आईला सांग. समोरची बाई प्रत्येक शब्द मोजून बोलते, कारण तो फाइलमध्ये जाणार हे तिला पक्कं ठाऊक असतं. गोवंडीचा नळ इथे कुठून आणायचा?

नात्यागोत्याचीही तीच गत. काका-मावशीला विचारात घ्यायला इथे खास बैठक भरवतात. ती पद्धत माओरी समाजाच्या आग्रहातून न्यूझीलंडच्या १९८९च्या कायद्यात आली आणि तिथून इकडे. मुंबईत काका न बोलावता हजर. कधी कधी मारणारा तोच असतो, हेही आहेच.

तरी इथली एक गोष्ट मला मुंबईत हवी आहे. इंग्लंडमध्ये शिकताना २०० दिवस प्रत्यक्ष कामाचे, त्यातले ३० कौशल्यांच्या सरावाचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी केस कमी देतात आणि ठरावीक दिवशी वरिष्ठांबरोबर सुपरविजनला बसवतात: त्या घरात तुला कसली भीती वाटली, कुणाची बाजू नकळत घेतलीस? बजेटला कात्री लागली की हा तासही आखडतो, पण तो मागायचा हक्क असतो. मुंबईत माझ्या बरोबरीच्या मुली डिग्रीनंतर कंत्राटावर लागल्या. तिथे विचारणा एकच, महिन्यात केस किती? देणगीदाराच्या फॉर्मवर सुपरविजनचा रकाना नव्हता. त्यांतल्या निम्म्याअधिक आज कंपन्यांच्या एचआरमध्ये आहेत.