मटणाला फाशी, खारी-बटरला जामीन

कोल्हापुरातल्या बहुतेक ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. तालमीचा ग्रुप असो, भिशीचा असो, नाहीतर दहावीच्या बॅचचा. कुणीतरी तो टाकतंच. त्याचा सारांश असा: कोल्हापूरकरांचं पोट साफ होत नाही, कारण तांबडा-पांढरा आणि तिखट. मटण आतड्यात तीन दिवस सडत पडतं. आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षांचा पाच-पाच किलो मळ चिकटलेला असतो आणि रोज पोट साफ झालं नाही की त्याचं विष रक्तात उतरतं. भाकरी जड, ती सोडा. सकाळी चार तांबे पाणी, रात्री दूध-तूप, झोपताना चमचाभर चूर्ण. नैसर्गिक आहे, जन्मभर घेतलं तरी अपाय नाही. डॉक्टरची गरजच नाही.

माझं औषधाचं दुकान आहे. हा मजकूर वाचून चूर्ण मागायला येणारी माणसं काउंटरवर जरा वाकून, आवाज खाली आणून बोलतात. खोकल्याचं औषध मागताना कुणी असं वाकत नाही. लाजेपोटी कुणाला विचारायचं नाही आणि मोबाईलवर आलेलं खरं मानायचं, अशी ही गत आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"मटण आतड्यात तीन दिवस सडतं."

मटण सडत नाही, पचतं. जठरातलं आम्ल आणि पाचकरस मांसातल्या प्रथिनांचे तुकडे करतात, लहान आतड्यात ते रक्तात शोषले जातात आणि मोठ्या आतड्यापर्यंत मांसाचा फार थोडा अंश पोचतो. तोंडातून आत गेलेल्या कुठल्याही जेवणाचा उरलासुरला भाग बाहेर पडायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. मेथीच्या भाजीलाही तेवढेच लागतात. गंमत अशी की शेवटपर्यंत न पचता जातो तो भाजीचा, कोंड्याचा, सालीचा चोथा. आणि नेमका तोच आपल्याला हवा असतो. हा चोथा, म्हणजे तंतुमय पदार्थ, पाणी धरून ठेवतो, मळाला आकारमान देतो आणि मऊ राखतो. आतड्याला पुढे ढकलायला काहीतरी हातात लागतं.

मटणावर खरा आरोप करायचाच असेल तर एकच करता येतो: त्यात चोथा शून्य. अंड्यातही शून्य, माशातही शून्य. पण आपण मटण नुसतं कुठं खातो? बुधवारी-रविवारी ताटात मटण असतं तेव्हा सोबत भाकरी असते, कांदा असतो, रश्शाच्या दोन-चार वाट्या होतात. ताटात भाकरीऐवजी पांढऱ्या भाताचाच डोंगर असेल, तर दोष त्या ताटाच्या मांडणीचा.

आणि मटण आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. बद्धकोष्ठ मात्र आठवडाभर. मग बाकीचे पाच दिवस काय खाल्लं हे कुणी विचारायचं?

"तिखटामुळं कोठा धरतो."

खर्डा जास्त झाल्यावर सकाळी काय होतं ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. मिरचीतलं कॅप्सेसिन बहुतेकांच्या आतड्याची हालचाल वाढवतं, थांबवत नाही. तिखटाचं नाव येतं ते दुसऱ्याच कारणानं. खडा धरून, कुंथून-कुंथून ज्याला चीर पडली आहे किंवा मूळव्याध झाली आहे, त्याला तिखट बाहेर पडताना झोंबतं. मग तो भीतीनं जायचंच टाळतो, मळ आणखी सुकतो आणि पुढची खेप आणखी अवघड होते. अशा माणसानं जखम भरेपर्यंत तिखट कमी करावं, हे बरोबर. पण दुखण्याची सुरुवात तिखटानं केलेली नसते.

"भाकरी जड, ती सोडा."

या एका वाक्यासाठी मला हे सगळं लिहावंसं वाटलं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम चोथा असतो. नाचणीत आणि न चाळलेल्या गव्हाच्या पिठात ११ च्या आसपास. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात पावणेतीन-तीन. मैद्यातही पावणेतीनच. मोठ्या माणसाला दिवसाला अंदाजे २५ ते ३० ग्रॅम चोथा लागतो, हा आकडा लक्षात ठेवा आणि आता शहरातल्या एका बऱ्या कमावत्या माणसाचा साधा दिवस बघा.

सकाळी चहा, त्यात बुडवून चार खारी नाहीतर बटर. दहाच्या सुमाराला वडा-ब्रेड. दुपारी डब्यात दोन चपात्या, त्याही बारीक चाळणीनं कोंडा काढलेल्या पिठाच्या, आणि बटाट्याची भाजी. चारला पुन्हा चहा आणि बिस्किटं. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. मुरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळच. रात्री भात, वरण, लोणचं, पापड. दिवसभरात मटणाचा तुकडा नाही, तिखटही बेताचंच, पोट तर भरलेलं. बेरीज करून बघा, चोथा १२-१४ ग्रॅमच्या वर जाणं कठीण. ताटात जड काहीच नव्हतं. अडचण तीच आहे.

आता त्याच माणसाच्या दुपारच्या डब्यात चपात्यांच्या जागी शाळूच्या, म्हणजे ज्वारीच्याच, दोन भाकऱ्या ठेवा. आपल्याकडची भाकरी काही रुमालासारखी पातळ नसते. दोन भाकऱ्यांना सव्वाशे ग्रॅम पीठ सहज जातं, म्हणजे १२-१३ ग्रॅम चोथा तिथंच आला. वाटीभर मटकीची उसळ, चार-पाच ग्रॅम. बटाट्याऐवजी पोकळा, चाकवत, माठ, शेपू यातलं काहीही, वाटीभर, तीन-चार ग्रॅम. चार वाजता बिस्किटांऐवजी सालीसकट, बियांसकट एक पेरू, पाच ते आठ ग्रॅम. दिवसभराचं बाकी खाणं धरून तीस झाले. खर्चही वाढला नाही. कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीत पालेभाजीची पेंढी खारीच्या पुड्यापेक्षा महाग पडत नाही.

भाकरी जड लागते, कारण ती पोटात जरा जास्त वेळ टिकते आणि लवकर भूक लागू देत नाही. त्याला दुखणं म्हणायचं कारण नाही. चंदगड, गगनबावड्याकडची माणसं नाचणीच्या भाकरीवर आणि आंबिलीवर दिवस काढायची. त्यांच्या नातवंडांना शहरात फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर भाकरी "सोसत नाही" म्हणे. सोसत नाही हे काही वेळा खरंही असतं. वर्षानुवर्षं मैद्यावर काढल्यावर एकदम तीस ग्रॅम चोथा पोटात ढकलला की गॅस होतो, पोट फुगतं. म्हणून आधी एक भाकरी, आठवड्यानं दुसरी, मग उसळ, असं दोन-तीन आठवड्यांत वाढवावं.

मिसळीबद्दल एक वाक्य, नाहीतर लोक रागावतील. मोडाची मटकी भरपूर असेल तर मिसळ चोथ्याच्या हिशेबात चांगलीच आहे. तळाशी चमचाभर मटकी, वर मूठभर फरसाण, कट आणि सहा स्लाइस पाव असेल, तर नाव मटकीचं आणि जेवण मैद्याचं.

"सकाळी चार तांबे पाणी प्यायलं की झालं."

पाणी कमी पडत असेल तर प्यायलाच हवं, विशेषतः उन्हात काम करणाऱ्यानं. पण ज्याचं पाणी पुरेसं आहे त्यानं वर चार तांबे ओतले तर ते लघवीवाटे निघून जातं. आतडं पाणी शोषून घेतं. मळात ते टिकवून ठेवायला चोथाच लागतो. उलटंही तितकंच खरं: चोथ्यासाठी घेतलेलं इसबगोल पाण्याशिवाय कोरडं गिळलं तर घशात किंवा आतड्यात गोळा होऊन अडकू शकतं. ते पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावं आणि वर आणखी पाणी घ्यावं. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णांना पाण्याचं माप डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असतं. त्यांनी असले तांबे मोजू नयेत.

सकाळची वेळ मात्र या मजकुरानं बरोबर धरली आहे. झोपेतून उठल्यावर आणि पोटात काही गेल्यावर मोठं आतडं जोरात हलतं. नेमकं तेव्हाच पोरांच्या शाळेची रिक्षा, एमआयडीसीची पहिली पाळी, एका बाथरूमपुढं पाच माणसं. आलेली कळ रोज दाबली की ती यायचीच कमी होते. मग मोबाईल घेऊन अर्धा तास बसलं तरी काय उपयोग? कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल घ्या. उकिडवं बसल्यासारखे गुडघे वर आले की गुदद्वाराकडचा मार्ग सरळ होतो.

"रात्री दूध-तूप घ्या."

गंगावेशीत धारोष्ण दुधासाठी उभं राहणाऱ्यांना मी काही बोलणार नाही, दूध उत्तमच असतं. पण दुधात चोथा नाही आणि तुपातही नाही. काहींना दूध घेतल्यावर पोट मोकळं होतं, कारण त्यांना दुधातली साखर पचत नाही. तो दुधाचा औषधी गुण नव्हे. लहान मुलांच्या बाबतीत तर उलटंच घडतं. तीन-चार पेले दूध आणि बिस्किटं यांनी पोट भरलेलं पोर भाजी-भाकरीला तोंड लावत नाही, मग खडा धरतं, रडतं आणि आई म्हणते, "अहो, दूध तर भरपूर पितो." काही थोड्या मुलांत गाईच्या दुधातली प्रथिनंच बद्धकोष्ठाचं कारण ठरतात, ते बालरोगतज्ज्ञानं बघायचं.

"पाच किलो मळ, रक्तात विष."

आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत बदलतात. दहा वर्षांचा मळ चिकटणार कशाला? दुर्बिणीनं मोठं आतडं तपासतात तेव्हा आदल्या दिवशी औषधाचं पाणी पाजून ते धुतात आणि पडद्यावर गुलाबी, चकचकीत भिंत दिसते. ही विषाची कल्पना जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे नामांकित शल्यचिकित्सक अर्बथनॉट लेन याच समजुतीपायी रुग्णांची मोठी आतडी कापून काढत होते. पुढं वैद्यकशास्त्रानं ती कल्पना टाकून दिली. आपल्याकडं ती शंभर वर्षांनी मोबाईलवर आली.

रोज एकदा व्हायलाच पाहिजे, हाही हट्ट नको. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही चालतं, त्रास होत नसेल तर. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा, कडक खडे, कुंथावं लागणं, होऊनही राहिल्यासारखं वाटणं, आणि हे महिनोन्महिने चालणं, याला जुनाट बद्धकोष्ठ म्हणतात.

"चूर्ण नैसर्गिक आहे, अपाय नाही."

पुडीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. बाजारातल्या पोट साफ करणाऱ्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. सोनामुखी हे खरंखुरं औषध आहे, आधुनिक औषधशास्त्रातही ती आहे. आतड्याला चाबूक मारून पळवायचं तिचं काम. अडचणीला चार दिवस घ्यायला हरकत नाही. पण रात्री चूर्ण, सकाळी अख्खं आतडं रिकामं, मग दुसऱ्या दिवशी होणार कुठून? काही झालं नाही म्हणून माणूस घाबरतो आणि रात्री पुन्हा चमचा. असे कित्येक गिऱ्हाईक आम्ही बघतो. त्यांना बद्धकोष्ठ उरलंय की नुसती सवय, हे त्यांनाही सांगता येत नाही. रोजच्या जुलाबांनी शरीरातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका वाढतो. कित्येक चूर्णांत सैंधव किंवा काळं मीठही असतं. रक्तदाबाच्या माणसानं तेही बघावं.

चूर्ण मागणाऱ्याला मी आधी एक प्रश्न विचारतो: बाकी गोळ्या कुठल्या चालू आहेत? परवा एक मावशी आल्या. पिशवीतून चिठ्ठी काढली, लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी. "ह्या रोजच्या. आणि ते चूर्ण पण द्या, महिना झाला लई तरास हाय." लोहाची गोळी कधी सुरू झाली? महिन्यापूर्वीच. लोह, कॅल्शियम, काही आम्लनाशकं, कोडीनची खोकल्याची औषधं, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, काही रक्तदाबाच्या आणि मनोविकारांच्या गोळ्या, ही सगळी कोठा धरणारी औषधं आहेत. आपल्या मनानं बंद करू नका. लिहून देणाऱ्याला सांगा, बऱ्याचदा प्रकार किंवा मात्रा बदलता येते. थायरॉइड मंदावणं आणि जुना मधुमेह यांनीही हेच होतं, तिथं भाकरी एकटी पुरी पडत नाही.

"डॉक्टरची गरज नाही."

शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, पन्नाशीनंतर सवय अचानक बदलणं, यातलं एकही असेल तर मूळव्याधच असेल असं धरून घरी बसू नका. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा आणि जुलाबाचं काहीही घेऊ नका. आणि जो महिनाभर इमानानं भाकरी, उसळ, पालेभाजी, पाणी सगळं करूनही कुंथतोय, त्याचे बाहेर ढकलण्याचे स्नायूच उलटे आवळत असण्याची शक्यता असते. त्याला आणखी चोथा दिला तर त्रास वाढू शकतो. त्यासाठी वेगळी तपासणी असते आणि स्नायूंना वळण लावायचे व्यायाम असतात, ते पोटविकारतज्ज्ञाकडं.