अभिजात चित्रपट आम्हाला धड पाहू तरी द्या

‘चांगले जुने चित्रपट पाहत जा’ असा उपदेश कोणी केला की अलीकडे मला संताप येतो. उपदेश चुकीचा असता तर मी तो सोडून दिला असता. तो पूर्णपणे बरोबर आहे, म्हणूनच चीड येते. दर काही महिन्यांनी कोणीतरी आयुष्यात एकदा तरी पाहायलाच हव्यात अशा चित्रपटांची यादी पाठवतो. त्या यादीत ‘संत तुकाराम’ असतो, ‘कुंकू’ असतो, ‘श्यामची आई’ असतो, ‘पथेर पांचाली’ आणि ‘सेव्हन समुराई’ असतात. आणि ठाण्यासारख्या शहरात, जिथे प्रत्येक मॉलच्या वरच्या मजल्यावर पडदेच पडदे आहेत, तिथे राहणाऱ्या माणसाला त्यांतला एखादा चित्रपट पूर्ण, स्वच्छ आणि मूळ रूपात पाहायचा म्हटले तर तो पाहता येत नाही.

‘संत तुकाराम’चेच घ्या. प्रभात फिल्म कंपनीचा, १९३६ सालचा, दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला हा चित्रपट. विष्णुपंत पागनीसांचा तो शांत चेहरा आणि गौरी यांनी उभी केलेली कजाग, कष्टाळू, नवऱ्यावर चिडणारी आणि त्याच्यासाठीच जीव टाकणारी जिजाई पाहिल्यावर अभिनय म्हणजे काय हे वेगळे शिकावे लागत नाही. हा चित्रपट आईला दाखवावा म्हणून मी घरच्या टीव्हीवर लावला, तर मिळालेल्या प्रतीत पागनीसांचे कपाळ पडद्याबाहेर गेलेले, कोपऱ्यात कोणत्या तरी कंपनीचे चिन्ह ठाण मांडून बसलेले आणि ‘आधी बीज एकले’ सुरू होऊन मन जरा स्थिरावते न स्थिरावते तोच मध्ये गृहकर्जाची जाहिरात. शांताराम आठवल्यांनी ही रचना इतकी तुकोबांच्या वळणाची केली की ती तुकोबांचीच आहे असे जाणकारांनाही वाटले. तिच्या मधोमध व्याजाचा दर ऐकावा लागणे हा मला त्या कवीचा, गायकाचा आणि ऐकणाऱ्याचाही अपमान वाटतो.

कपाळ का कापले जाते, हेही सांगायला हवे, कारण हा अपघात नव्हे, कोणीतरी जाणूनबुजून केलेला उद्योग आहे. बोलपटांच्या त्या काळातली चौकट चौकोनाकडे झुकणारी होती. तिची रुंदी उंचीच्या सुमारे १.३७ पट असे. आजच्या टीव्हीची रुंदी उंचीच्या १.७८ पट असते. जुने चित्र जसेच्या तसे दाखवले, तर दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या येतात, आणि त्यात काहीही बिघडत नाही. पण काळी जागा दिसली की गिऱ्हाईक तक्रार करील, अशी या प्रती दाखवणाऱ्या मंडळींची समजूत असावी. म्हणून मग पडदा भरण्यासाठी वरचा आणि खालचा मिळून चित्राचा जवळजवळ पाव भाग कापून टाकतात. जे कापत नाहीत ते चित्र आडवे ताणतात, आणि सडपातळ माणसेही फुगलेली दिसू लागतात. कॅमेरा कुठे ठेवायचा, डोक्यावर किती जागा सोडायची, पाय दिसू द्यायचे की नाही, याचा ज्यांनी इंच इंच विचार केला, त्यांच्या कामावर अशी कात्री चालवण्याचा अधिकार यांना दिला कोणी?

‘कुंकू’चे हाल याहून वाईट. व्ही. शांताराम यांनी १९३७ च्या या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलेच नाही. प्रसंगात जे वाजते तेच ऐकू येते. म्हाताऱ्या काकासाहेबांच्या घरातले घड्याळ, वस्तूंचे आवाज, त्यामागची शांतता आणि त्या शांततेत त्यांच्याशी लग्न लावून दिलेल्या तरुण नीराचा, म्हणजे शांता आपट्यांचा, ठणठणीत विरोध, यांवर अख्खा चित्रपट उभा आहे. ज्या चित्रपटात शांतता हेच संगीत आहे, त्याच्या प्रतीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत घरघर आणि खरखर असेल, तर पाहणाऱ्याने नेमके काय पाहिले? आणि मग नव्या पिढीतली मुले ‘जुने चित्रपट कंटाळवाणे असतात’ म्हणाली, की त्यांच्या अभिरुचीच्या नावाने बोटे मोडायची!

हे दुरुस्त होत नाही, असे कोणी सांगू नये. १९९३ मध्ये लंडनमधल्या एका प्रयोगशाळेला आग लागली, त्यात सत्यजित राय यांच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह भाजून निघाल्या. त्या करपलेल्या, ठिसूळ झालेल्या फिती अमेरिकेतल्या आणि इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी पुन्हा लवचिक केल्या, जे तुकडे वाचले ते सांधले, उरलेल्या भागासाठी इतर प्रती वापरल्या, आणि २०१५ मध्ये ‘पथेर पांचाली’ नव्या तेजाने पडद्यावर आला. आपल्याकडेही पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले, आणि त्याचे संस्थापक पी. के. नायर यांनी चित्रपटांच्या फितींचे डबे गोळा करण्यात हयात घालवली. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा आज काही भागच शिल्लक आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच, जुन्या प्रभातच्या आवारात, नायट्रेटच्या ज्वालाग्राही फिती आगीत गेल्या. इतके गमावल्यावर जे वाचले आहे, ते तरी लोकांपर्यंत पोहोचायला नको का?

ते पोहोचते, पण बहुधा दक्षिण मुंबईत. दुरुस्त केलेल्या प्रतीचा खेळ लागला की तो नरिमन पॉइंटच्या बाजूला, तोही कामाच्या दिवशी संध्याकाळी. ऐंशीच्या घरातल्या आईला घेऊन ठाण्याहून त्या वेळच्या लोकलने कसे जायचे आणि रात्री कसे परतायचे, हे ज्यांनी कार्यक्रम ठरवला त्यांनी एकदा करून पाहावे.

आणि क्वचित ठाण्यात लागलाच, तर काय होते? एका नावाजलेल्या जुन्या मराठी चित्रपटाचा खेळ इथल्याच एका मल्टिप्लेक्समध्ये मंगळवारी सकाळी साडेदहाला लावला होता. मी रजा टाकली, आईला आणि शेजारच्या काकूंना रिक्षात बसवून नेले, आणि तिकीटखिडकीवरच्या मुलाने सांगितले की पुरेशी तिकिटे गेली नाहीत म्हणून खेळ रद्द केला आहे. ‘काका, त्याच वेळेला दुसरा पिक्चर आहे, त्यात बसवू का?’ असे त्याने अगदी सौजन्याने विचारले. त्या मुलावर माझा राग नाही. राग त्या व्यवस्थापनावर आहे, ज्याने मंगळवारी सकाळी साडेदहाची वेळ निवडली, जाहिरातीची एक ओळ कुठे दिली नाही आणि वर ‘जुन्या चित्रपटांना प्रेक्षकच नाही’ हा निष्कर्ष काढला.

प्रेक्षक नाही? ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला तो प्रेक्षकांशिवाय का? तो काळ वेगळा होता म्हणाल, तर २०२४ चे बोला. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला ‘मंथन’ दुरुस्त होऊन देशभरातल्या चित्रपटगृहांत परत आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज कपूर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांचे चित्रपट अनेक शहरांत लागले. आधीपासून सांगितले आणि तिकीट परवडणारे ठेवले, की माणसे येतात. मराठी चित्रपटांना प्राइम टाइम मिळावा म्हणून २०१५ पासून आपण भांडत आलो, ते भांडण योग्यच आहे. पण त्यात ‘सिंहासन’, ‘जगाच्या पाठीवर’, ‘उंबरठा’ यांच्यासाठी महिन्यातून एक रविवार मागावा, असे कोणाच्या मनात आल्याचे मी ऐकले नाही. मल्टिप्लेक्सना परवडत नसेल, तर गडकरी रंगायतन आहे, घाणेकर नाट्यगृह आहे. नाटकाचा प्रयोग नसलेल्या सकाळी तिथे चांगला प्रोजेक्टर आणि पडदा लावून चित्रपट का दाखवता येऊ नये?

परभाषेतल्या चित्रपटांची गोष्ट तर आणखी संतापजनक आहे. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र मराठी घराघरांत वाचले गेले. माझी आई त्याच वाचकांपैकी एक. तिला राय यांचा बंगाली ‘पथेर पांचाली’ पाहायचा तर उपशीर्षके इंग्रजीत, आणि ती इतक्या वेगाने सरकणारी की तिला एक ओळही पुरती लागत नाही. चुनीबाला देवींची इंदिर ठाकरून काय बोलते, ते मी शेजारी बसून तिच्या कानात सांगत राहायचे, आणि चित्रपट दोघांचाही बुडवायचा. परदेशातल्या नव्या मारधाडपटांवर हिंदी, तमीळ, तेलुगू संवाद चढवण्यासाठी पैसा उभा राहतो. जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या २०७ मिनिटांच्या ‘सेव्हन समुराई’ला मराठी ओळी लिहून घेण्यासाठी किती खर्च येणार आहे? भाषांतर करणारी माणसे मराठीत भरपूर आहेत, आणि त्यांना कामाची गरजही आहे. तरीही पैसे मोजून, अधिकृत ठिकाणी, मराठी उपशीर्षके असलेला एकही जागतिक अभिजात चित्रपट मला आजवर मिळालेला नाही.