इंजिन नाही म्हणून धोका नाही?

इंदुरातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. स्पर्धेतलं ग्लायडर गवताला पोट टेकेल इतकं खाली येतं, सुसाट निघून जातं आणि पुढे सरळ वर चढतं. सोबतचा मजकूर असा: ‘ना इंजिन ना पेट्रोल, मग धोका कसला? शर्यत संपवायला एवढं खाली यावंच लागतं. वेग असला की पायलट सुरक्षित. याला अडवणारा नियमच नाही.’ दृश्य देखणं आहे, वादच नाही. मजकूर मात्र चारही बाजूंनी कच्चा आहे.

‘इंजिन नाही’ हे खरं. पण पंधरा मीटर वर्गातल्या, म्हणजे पंखांची एकूण लांबी पंधरा मीटरपर्यंत असलेल्या ग्लायडरला, पंखात पाणी भरून, ५२५ किलोपर्यंत वजनाची मुभा असते. पाणी सोडून दिलं तरी काही शे किलो उरतातच. शिवाय आवाज नाही, म्हणजे पाठमोऱ्या माणसाला सावध व्हायलाही काही नाही. इंग्लंडमध्ये हजबंड्स बॉसवर्थला २००५ साली स्पर्धेतून परतणारं ग्लायडर फोटो काढणाऱ्या माणसाला धडकलं आणि तो जिवानिशी गेला.

‘खाली यावंच लागतं’ ही जुनी गोष्ट. पूर्वी रेषेवरचे पंच ग्लायडरचा क्रमांक डोळ्यांनी वाचून वेळ टिपत, तेव्हा खालून जाण्याला अर्थ होता. आता जीपीएस लॉगर, म्हणजे ग्लायडरमधलं नोंदयंत्र, सगळा मार्ग उंचीसकट नोंदवतो. म्हणूनच मैदानाभोवती काही किलोमीटरचं वर्तुळ आखून, ठरलेल्या किमान उंचीवरून ते ओलांडलं की शर्यत संपली, अशी पद्धत आली. त्याखाली आलात तर गुण कापले जातात.

आता वेगाचं. यात अर्धं सत्य आहे, आणि म्हणूनच ते जास्त घातक. ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर. हा वेग पूर्ण उंचीत बदलला तर कागदावर १५५ मीटर मिळतात. पण वर जाऊन थांबता येत नाही. वळून उतरायला ताशी १०० तरी हाती हवेत. ते राखले की उरतात ११५ च्या आसपास, त्यातूनही हवेचा रोध वजा. चार-पाच तास उन्हात उडून दमलेला पायलट शेवटच्या टप्प्यात मोजूनमापून येतो आणि वाटेत खाली जाणारी हवा लागली, की ताशी १५० नेच पोचतो. मग हाच आकडा ५० च्याही आत! म्हणजे इंदूरच्या राजवाड्याहून फार काही वर नाही, आणि तिथे वळण घ्यायचं. वेग तुटला, ग्लायडर स्पिनमध्ये, म्हणजे गिरक्या घेत खाली पडायला लागलं, तर सावरायला उंचीच नसते.

त्यात अशा वेळी मैदानावर तो एकटा नसतो. कुणी उतरत असतं, कुणी वर घिरट्या घालत असतं, आणि नाक वर करून चढणाऱ्याला नेमकं डोक्यावरचंच दिसणं अवघड.

नियमाबद्दल थोडक्यात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, आयकाओच्या, उड्डाण नियमांत दृश्य उड्डाणासाठी, म्हणजे बाहेर नजर ठेवून केलेल्या उड्डाणासाठी, किमान उंची दिलेली आहे: दाट वस्तीवर किंवा जमावावर, ६०० मीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा १००० फूट, इतरत्र जमिनीपासून ५०० फूट. सूट आहे ती जमिनीवरून उडण्यासाठी आणि उतरण्यासाठी गरजेपुरती, किंवा संबंधित अधिकाऱ्यांनी परवानगी दिली तर. खालून जाऊन पुन्हा वर चढणं म्हणजे उतरणं, असं म्हणणाऱ्या काकालोकांना एवढंच विचारावंसं वाटतं, की मग उतरले कधी?

लो पास, म्हणजे असं जमिनीलगत सुसाट जाणं, नकोच, असं माझं मुळीच म्हणणं नाही. धावपट्टी रिकामी असावी, प्रेक्षक एकाच बाजूला आणि लांब असावेत, रेडिओवर आधी सांगून परवानगी घेतलेली असावी आणि वेग कमी पडला तर सरळ समोर उतरायचं हे ठरलेलं असावं. स्पर्धा संपल्यावर करा, हौसेने करा. फक्त त्यावर क्रमांक ठरायला नको. कारण गुण मिळणार असतील, तर ताशी १५० वाला पायलटही मागे राहणार नाही.