पाटी कोणी लिहायची?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. ती खरी की खोटी, यावर आपल्याकडे भरपूर धुरळा उडाला. ज्या मजकुरामुळे हा दावा उभा राहिला, तो वाघनखांच्या पेटीवर इंग्रजीत लिहिलेला आहे: शिवाजीने ज्यांनी मुघल सेनापतीला मारलं ती ही वाघनखं, साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला पेशव्यांच्या प्रधानाने दिलेली. अफझलखान आदिलशाहीचा होता, हे चौथीच्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे पाटी लिहिणाऱ्याला मुघल आणि आदिलशाही यांतला फरक माहीत नव्हता, तरी दोनशे वर्षांनी वाद होतो तो त्याच्याच पाटीवर. संग्रहालयाने स्वतः सांगितलं होतं की ही तीच वाघनखं असल्याची खात्री देता येत नाही. ते वाक्य आपल्या मिरवणुकीत कुठे ऐकू आलं नाही.

ब्रिटनमधल्या सुदानी लोकांची छोटी प्रदर्शनं पाहताना ही पेटी आठवत राहते. लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टर, कार्डिफ इथे सुदानी वस्ती जुनी आहे. १५ एप्रिल २०२३ ला खार्टूममध्ये सैन्य आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं, तेव्हापासून त्यात नव्या लोकांची भर पडते आहे. १९७१ मध्ये उघडलेलं खार्टूमचं राष्ट्रीय संग्रहालय या युद्धात लुटलं गेलं. इजिप्तमधल्या आस्वान धरणाच्या पाण्यातून वाचवलेली बुहेनची, सेम्नाची प्राचीन मंदिरं ज्या अंगणात पुन्हा उभारली होती, तेच हे संग्रहालय. घरची मोठी पेटी फुटली, आता बाहेर ज्याच्याकडे जे आहे ते मांडायचं. मांडायचं कुठे? ग्रंथालयाच्या सभागृहात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये, दोन आठवड्यांसाठी.

मांडणीत सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे तोब. सुदानी बायका अंगाभोवती गुंडाळून डोक्यावरून घेतात ते हे वस्त्र, साधारण साडेचार मीटर लांब. मराठी माणसाला ते लगेच साडीसारखं वाटतं आणि तिथेच चूक होते, कारण दुकानातल्या साडीसारखं ते खिळ्यांवर किंवा टाचण्यांवर टांगलं जातं. पातळ व्हॉइल कापडाचं वजन त्या दोन टोकांवर येतं आणि आठवड्यात विणीत भोकं पडतात. निदान दहा सेंटीमीटर जाडीची नळी घ्यावी, तिला धुतलेलं सुती कापड गुंडाळावं आणि तोब तिच्यावरून दोन्ही बाजूंना सोडावा. वजन सगळ्या रुंदीवर वाटलं जातं. घडीच्या रेषेवर इस्त्री फिरवू नये. चंदनाच्या तेलाचा डाग काढायलाही जाऊ नये, कारण तो डाग लग्नातल्या जिर्तिक विधीचा असू शकतो आणि तोच त्या कापडाचा इतिहास असतो. लोकरीची, चामड्याची वस्तू कुणाच्या माळ्यावरून आली असेल तर आधी पॉलिथिनमध्ये हवाबंद करून दोन आठवडे उणे अठरा अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास फोडायची नाही, नाहीतर वस्तूवरच दव धरतं. एवढं केलं नाही तर एका टोपलीतली कसर सगळ्या हॉलभर होते.

कापडाला आणि कागदाला उजेड ५० लक्सच्या आसपास पुरे, तैलचित्राला २०० चालतो. ग्रंथालयाच्या खिडकीजवळ दुपारी हजारांत आकडा जातो, म्हणून मोबाइलमधल्या ॲपच्या भरवशावर न राहता शंभरेक पौंडांचा लक्समीटर विकत घ्यावा नाहीतर उसना आणावा. चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या किंचित खाली. व्हीलचेअरवरून पाहणारे येणार असतील तर आणखी खाली, याबद्दल वाद घालू नये.

परागंदा माणसांची चित्रं बहुधा लहान असतात, आणि त्याचं कारण फक्त गरिबी नव्हे. इब्राहिम एल-सलाही यांचं उदाहरण घ्या. ओमदुरमानमध्ये १९३० साली जन्मलेले हे चित्रकार लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये शिकून १९५७ मध्ये परतले. खार्टूममध्ये प्रदर्शन भरवलं, उद्घाटनाला लोक आले, नंतर कुणी फिरकलं नाही. मग ते गावोगाव हिंडले. कुराण शिकणाऱ्या मुलांच्या लाकडी पाट्या, टोपल्यांची वीण, भिंतींवरची नक्षी पाहिली, आणि अरबी अक्षरंच त्यांच्या चित्रात उतरली. खार्टूम स्कूल म्हणतात ती ही वाट. १९७५ मध्ये त्यांना सहा महिने तुरुंगात टाकलं, कागद बाळगायला बंदी. सापडेल त्या चिटोऱ्यावर रेखाटायचं आणि वाळूत पुरून ठेवायचं, असा त्यांचा क्रम होता. पुढे 'द इनएव्हिटेबल' हे मोठं चित्र झालं तेही नऊ तुकडे जोडून. २०१३ मध्ये टेट मॉडर्नने त्यांचं समग्र प्रदर्शन केलं. म्हातारपणी ऑक्सफर्डमध्ये ते औषधांच्या खोक्यांच्या पाठीवर चित्रं काढू लागले. भिंतीवर तळहाताएवढी चित्रं लावताना पाटीवर आकार लिहितात, कागद कुठला होता ते लिहीत नाहीत. खरं तर तीच ओळ आधी लिहायला हवी.

रंगाचीही एक ओळ लिहावी. जलरंग कागदाला धरून राहतो तो डिंकामुळे, आणि जगातला बहुतांश गम अरेबिक, म्हणजे हाच डिंक, सुदानमधल्या कोर्दोफान-दार्फूरच्या पट्ट्यातल्या हशाब बाभळीचा. युद्ध चालू असतानाही तो सीमेपलीकडून विकला जातोच आहे. इंग्लंडमधल्या शाळेतल्या रंगाच्या वडीतही तो असू शकतो. प्रदर्शनात एका बशीत डिंकाचे खडे ठेवले की मुलं त्या बशीपाशीच थांबतात. मराठी घरातली असतील तर लाडू आठवून थांबतात.

आता पाट्या. दुकानांवर मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत, हा आपल्याकडचा झगडा आहे. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि हा झगडा योग्यच होता असं माझं मत आहे. पण तिथे उत्तर सोपं होतं: राज्य मराठी, पाटी मराठी. सुदानी हॉलमध्ये हे उत्तर चालत नाही. अरबी वर आणि इंग्रजी खाली, असं ठरवलं की दार्फूरच्या मसालित किंवा फूर जमातीच्या घरातली बाई विचारते, माझ्या आजीच्या टोपलीवर अरबी कशाला? तिच्यासाठी अरबी ही खार्टूमच्या सत्तेची भाषा. उत्तरेकडच्या नूबी माणसाला स्वतःची जुनी लिपी हवी असते. सुदान अरबी की आफ्रिकी, हा वाद तिथे १९६०च्या दशकातले कवी 'जंगल आणि वाळवंट' अशा जोडनावाने मिटवू पाहत होते. तो मिटला नाही, आणि २०११ मध्ये दक्षिण वेगळं झालं. आता दक्षिण सुदानची राजधानी असलेल्या जूबात जन्मलेल्या चित्रकाराच्या १९८०च्या चित्राखाली देश कोणता लिहायचा? मला पटलेली रीत अशी: देशाऐवजी गाव आणि साल लिहा, आणि पाटीची पहिली भाषा वस्तू देणाऱ्याने निवडावी. भिंत विसंगत दिसते. दिसू द्या. त्या विसंगतीतच देश दिसतो.

तांत्रिक फजिती वेगळीच. अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे चालतो. डिझाइनच्या चुकीच्या सेटिंगमध्ये तो चिकटवला की अक्षरं सुटी होतात आणि उलटी लागतात. इंग्रजी छापखान्याला ते कळत नाही, कारण त्याला ती नक्षीच वाटते. पाटी छापायला देण्याआधी पीडीएफ अरबी वाचणाऱ्याला दाखवायची, आणि छापून आल्यावर पुन्हा. साठ-सत्तर शब्दांपेक्षा मोठी पाटी नको, अक्षर १८ पॉइंटपेक्षा लहान नको. दोन्ही भाषा शेजारी असतील तर अरबी उजवीकडे, म्हणजे दोन्ही मजकूर कडेकडून आत वाचत येतात.

दारात झेंडा लावायचा हट्ट असेल तर कुठला, हे आधी बसून ठरवावं. १९७०पासूनचा लाल-पांढरा-काळा-हिरवा की स्वातंत्र्याच्या वेळचा निळा-पिवळा-हिरवा, जो २०१९च्या आंदोलनात पुन्हा दिसला? राजकीय नकाशा तर नकोच, अबयेई आणि हलाइब या वादग्रस्त सीमाभागांच्या रेषांवरून पहिल्याच संध्याकाळी भांडण होतं. खार्टूमला मिळणारे निळा आणि पांढरा नाईल तेवढे रंगवले की पुरतं.

उद्घाटनाला जबाना असतेच: मातीच्या सुरईत सुंठ घालून उकळलेली कॉफी, तोटीत तंतूंचा बोळा, बाजूला बखूर, म्हणजे सुगंधी धूप. धुरावर चालणारा अलार्म बखूरला आग समजतो आणि भाषणाच्या ऐन मध्यात हॉल रिकामा होतो. इमारतीच्या व्यवस्थापकाला लेखी कळवून तेवढ्या वेळापुरता तो झोन बंद करून घ्यावा आणि एक माणूस पहाऱ्यावर ठेवावा. नाहीतर विजेवर तापणारी धूपदाणी आणावी. बायका तिला नाकं मुरडतील आणि त्यांचं बरोबर असेल. आंबवलेल्या ज्वारीची किसरा, शेंगदाण्याची दकवा, तिळाचं काही विकायला असेल तर पाटी लावावीच. ब्रिटनमध्ये खाद्यपदार्थांच्या व्यावसायिकांना १४ ॲलर्जीकारक घटक सांगणं सक्तीचं आहे, आणि शेंगदाणे व तीळ दोन्ही त्यात येतात.

फोटोंच्या बाबतीत हयगय नको. ज्यांची माणसं अजून दार्फूरमध्ये आहेत त्यांचे चेहरे भिंतीवर लावताना लेखी संमती घ्यावी, आणि संकेतस्थळावर टाकण्याआधी फाइलमधलं ठिकाण आणि वेळ पुसून टाकावी. कुणी 'आमच्या घरातली जुनी मूर्ती' म्हणून मातीचं किंवा दगडाचं काही आणलं आणि कागद नसतील, तर ते घेऊ नये. सप्टेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने सुदानमधून आलेल्या वस्तू घेऊ नका असं बाजाराला बजावलं, ते याचसाठी.

आपली मंडळं परदेशात गणपती, लेझीम, नाटक उत्तम करतात. पण आजी कुठली लुगडी घेऊन आली, कुठल्या गिरणीतून कुठल्या कारखान्यात कोण गेलं, याची पाटी आपण लिहिलेली नाही. घरच्या वादात आपल्याला सरकारने आणलेली तलवार हवी असते. रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लिलावातून सुमारे ४७ लाखांना आणली, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची मुख्य इमारत सुदान ब्लॉक का म्हणवते, हे पुण्यात किती जण सांगतील? दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या भारतीय सैनिकांच्या आठवणीसाठी सुदानने १ लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर त्यातला भारताच्या वाट्याचा पैसा त्या बांधकामाला लागला. बर्मिंगहॅमच्या हॉलमध्ये ही ओळ लावली तर सुदानी आणि मराठी दोघंही तिच्यापुढे थांबतील.

उसन्या घेतलेल्या प्रत्येक वस्तूची पावती दोन प्रतींत करावी, चारी बाजूंनी फोटो काढावेत, आणि पत्त्याच्या रकान्यात पत्त्याबरोबर दोन फोन नंबर घ्यावेत, त्यातला एक दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाचा. आश्रयाचा अर्ज केलेल्या माणसाचं राहण्याचं ठिकाण थोड्या दिवसांच्या सूचनेवर बदललं जातं. प्रदर्शन उतरेपर्यंत पहिला पत्ता बहुधा चुकीचा झालेला असतो.