'उपग्रह असताना बोये कशाला?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचे आक्षेप तीन. उपग्रहांच्या काळात समुद्रात बोये, म्हणजे मोजमापाची उपकरणं बसवलेले तरंगते सांगाडे, नांगरून ठेवणं हा जुनाट हट्ट आहे. बोया फक्त स्वतःच्या पायाखालचं पाणी मोजतो. आणि खऱ्या वादळात तोच आधी गप्प होतो.

तिसरा आक्षेप अर्धा मान्य. दोर तुटतात, वारामापक मोडतात. त्यात मीच एक भर घालतो: बोयावरचा वारामापक पाण्यापासून जेमतेम चार-पाच मीटर उंच असतो, त्यामुळे मोठ्या लाटांच्या घळीत बोया उतरला की वारा आहे त्यापेक्षा कमी भरतो. पण सगळे गप्प होत नाहीत. 4 फेब्रुवारी 2013 रोजी उत्तर अटलांटिकमधल्या एका बोयाने 19 मीटर लाटउंची नोंदवली. हा आकडा एका लाटेचा नाही, सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांच्या सरासरीचा आहे. जागतिक हवामान संघटनेने तो बोयावरचा विक्रम म्हणून मान्य केला.

आता पायाखालचं पाणी. उपग्रहाचा अल्टिमीटर, म्हणजे खाली रडारलहरी सोडून उंची मोजणारं उपकरण, लाटांची उंची उत्तम मोजतो, पण आपल्या वाटेखालच्या चिंचोळ्या पट्ट्याचीच. जेसन मालिकेतल्या उपग्रहांना त्याच वाटेवर परतायला सुमारे 10 दिवस लागत. तेवढ्यात वादळ येऊन जातं. बोया तिथेच असतो आणि उंचीबरोबर लाटांचा कालावधीही सांगतो. दोन मीटरची लाट दर 6 सेकंदांनी येते की 16, यात फार फरक आहे. खोल पाण्यात उंची तीच असली तरी दुसरीतून वाहणारी ऊर्जा अडीच पटींहून जास्त. दूरच्या वादळाची ती फुगलेली लाट स्वच्छ उन्हातही किनाऱ्यावर माणसं ओढून नेते. आणि अल्टिमीटरचे आकडे बरोबर आहेत की नाहीत, हे ताडून बघतात कशाशी? बोयांशीच.

हवेच्या दाबाचा तर तुम्ही उल्लेखच केला नाहीत. समुद्रसपाटीवरचा दाब उपग्रहाला आजही थेट मोजता येत नाही, तो ढगांच्या आकारावरून आणि वाऱ्यावरून अंदाजावा लागतो. बोयावरचा बॅरोमीटर तो सरळ देतो. प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या छोट्या बोयांपैकी अनेकांवर तो बसवतात, ते याचसाठी.

राहिला 'जुनाट हट्ट'. 1982 मध्ये मेक्सिकोतला एल चिचोन ज्वालामुखी फुटला. त्याच्या उद्रेकातून वर गेलेल्या सूक्ष्म कणांमुळे उपग्रहांना समुद्राचा पृष्ठभाग होता त्याहून थंड दिसू लागला. नेमका त्याच वर्षी प्रशांत महासागरात विसाव्या शतकातल्या सर्वांत तीव्र एल निन्योंपैकी एक, म्हणजे विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याचा प्रकार, आकार घेत होता, आणि तो बराच पुढे जाईपर्यंत तज्ज्ञांच्या ध्यानात आला नाही. त्यानंतर विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना सुमारे 70 बोयांची रांग उभी राहिली, ती 1994 मध्ये पूर्ण झाली. म्हणजे हे बोये उपग्रह नव्हते म्हणून टाकलेले नाहीत. उपग्रह होते, आणि तरीही फसगत झाली, म्हणून टाकले.